मराठा खंदकापलीकडचे वर्ष

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर पडलेल्या मनुष्यास प्रथम दोन गोष्टींची चुटपूट लागते. एक पाण्याच्या चवीची आणि दुसरी क्षितिजाची. पाण्याची चव काही महिन्यांत अंगवळणी पडते. क्षितिजाचे तसे नाही. देशावरचा मनुष्य माळाच्या सान्निध्यात वाढलेला असतो, कोकणातला सड्याच्या. गाव संपले की उघडी, वाऱ्याची, कोणाच्याच विशेष उपयोगाची नसलेली जमीन सुरू होते, आणि तिच्यावर ऋतू कसे येतात व जातात हे लहानपणी न शिकताच कळलेले असते. पहिल्या पावसानंतर सड्यावर उगवणारी चिमुकली फुले, थंडीत माळावर उतरणारे पाहुणे पक्षी, उन्हाळ्यात टिटवीने उघड्यावर घातलेली अंडी, ही पंचांगाची पाने आम्ही पायांनी वाचलेली असतात. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले तेव्हा अनेक वाचकांना त्यात आपलेच विसरलेले वर्ष परत भेटले, ते यामुळेच.

कलकत्त्यास बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्यास हे पंचांग हरवल्यासारखे वाटते. येथे माळ नाही, सडा नाही, एखादी टेकडीही नाही. परंतु गावाबाहेरची उघडी जमीन म्हणून जे काही असते ते या महानगरालाही आहे. फक्त ते पाण्याखाली आहे. शहराच्या पूर्वेस जी विस्तीर्ण दलदल पसरलेली होती आणि जिचा काही भाग आजही शिल्लक आहे, तीच कलकत्त्याचे माळरान. तिच्याकडे वर्षभर डोळे लावून बसलेल्या माणसांचा इतिहास अडीचशे वर्षांहून जुना आहे. आणि त्यांतील पुष्कळजण, आमच्या वाचकांप्रमाणेच, बदलीवर आलेले परप्रांतीय नोकरदार होते. त्या इतिहासाची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

या दलदलीच्या इतिहासात आमचे नाव अगदी आरंभीच येते, हेही येथेच सांगितले पाहिजे. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून आले, तेव्हा भयभीत झालेल्या कलकत्तेकरांनी नबाब अलिवर्दीखानाच्या परवानगीने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सुमारे सात मैलांचा बेत होता; त्यांपैकी तीनएक मैल खणून झाल्यावर, मराठे येत नाहीत असे पाहून, काम थांबले. या खंदकावरून कलकत्त्याच्या इंग्रजांना पुढे 'डिचर', म्हणजे खंदकवाले, असे टोपणनावही पडले. १७९९ साली त्याचा मोठा भाग बुजवून वर्तुळाकार रस्ता बांधण्यात आला; आज आचार्य प्रफुल्लचंद्र व आचार्य जगदीशचंद्र यांच्या नावांनी ओळखला जाणारा तो रस्ता होय. बागबाजारात एका गल्लीला अद्यापि मराठा खंदकाचे नाव आहे. खंदकाच्या आत शहर आणि पलीकडे पूर्वेस खाऱ्या पाण्याची सरोवरे, अशी त्या काळची विभागणी होती. ज्या सैन्यासाठी खंदक खणला ते कधी आले नाही. पलीकडची दलदल मात्र दरवर्षी पावसाळ्यात शहराच्या दारापर्यंत येत असे.

बंगालच्या प्रसिद्ध अंगाईगीतात बर्गी आहेत हे सर्वांस ठाऊक असते. त्याच गीतात धान्य फस्त करणारे बुलबुल आहेत इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. निसर्गाचा अभ्यासक येथे थबकतो. बुलबुल हा मुख्यत्वे फळांवर व कीटकांवर जगणारा पक्षी आहे. भाताची लूट हा त्याचा धंदा नव्हे. तेव्हा त्या गीतातील दोन आरोपींपैकी एकाला संशयाचा फायदा देता येईल. दुसऱ्याला देता येत नाही, कारण बर्ग्यांनी पश्चिम बंगालच्या खेड्यांची जी दुर्दशा केली तिची साक्ष समकालीन बंगाली लेखनात विपुल आहे. येथे राहणाऱ्या मराठी माणसाने ती नाकारू नये हेच उचित.

खंदकाच्याही पूर्वी या दलदलीच्या वार्षिक गतीची नोंद एका दर्यावर्दी व्यापाऱ्याने केलेली आहे. अलेक्झांडर हॅमिल्टन याचे प्रवासवर्णन १७२७ साली प्रसिद्ध झाले. तो लिहितो की शहराच्या ईशान्येस तीन मैलांवर खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. ते भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास ओसंडून वाहते, त्यात अगणित मासे शिरतात, आणि पाणी ओसरल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात ते मासे कोरडे पडून कुजतात. त्या दुर्गंधीयुक्त हवेने शहरात दरवर्षी मृत्यूची साथ येते. हवेमुळे रोग होतो ही त्या काळची समजूत बाजूस ठेवली तरी निरीक्षण बिनचूक आहे. पूर, मासे, ओहोटी, कुजणे, हा या भूमीचा वर्षक्रम त्याने चार वाक्यांत टिपला. त्याने नुसती दुर्गंधी अनुभवली; त्या कुजणाऱ्या मेजवानीस दूरदूरहून कोण येत असे हे पाहण्यास पुढची पिढी यावी लागली.

या भूमीचे वय किती, याचा अंदाज पुढे जमिनीच्या पोटातून मिळाला. १८३५ ते १८४० या काळात फोर्ट विल्यममध्ये पिण्याच्या पाण्यासाठी ४८१ फूट खोल छिद्र पाडण्यात आले. गोडे पाणी लागले नाही. पण सुमारे तीस फुटांवर कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर लागला. पुढे सियालदा येथे तलाव खणताना खोल जमिनीत उभ्या स्थितीतले झाडांचे बुंधे सापडले, आणि हेन्री ब्लॅनफर्ड याने १८६४ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ते सुंदरीच्या झाडांचे होते. आज जेथे लोकल गाड्या लागतात तेथे एके काळी सुंदरबनाचे जंगल होते. कलकत्ता दलदलीच्या शेजारी वसलेले नाही, तिच्या अंगावर वसलेले आहे.

आता पक्ष्यांकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलकत्त्यास आलेल्या नव्या मनुष्यास सर्वांत आधी चकित करीत असे तो एक अवाढव्य करकोचा. माणसाच्या छातीएवढा उंच, बोडक्या डोक्याचा, गळ्याखाली लोंबती पिशवी असलेला. गव्हर्नमेंट हाउसच्या कठड्यांवर हे पक्षी ओळीने उभे राहत. त्यांच्या संथ लष्करी चालीवरून इंग्रजांनी त्यांना 'ॲड्ज्युटंट' म्हणजे पलटणीतला एक हुद्देदार ठरविले. बंगाली लोक त्याला 'हाडगिला' म्हणत. या नावाचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. हाडे गिळणारा तो हाडगिळा. शहराचा उकिरडा, मेलेली जनावरे, घाटांवरचे अवशेष, सारे तो गिळून टाकी. त्याच्या या सफाईच्या कामामुळे त्याला मारणाऱ्यास पन्नास रुपये दंड होता. १८९६ साली कलकत्ता महानगरपालिकेने जे मानचिन्ह घेतले त्यावर चोचीत साप धरलेले दोन हाडगिळे होते.

परंतु हा पक्षी वर्षभर शहरात नसे. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात तो येई, पावसाळाभर राही आणि थंडी पडण्याच्या सुमारास नाहीसा होई. उलट घारींची रीत होती. पावसाळ्याचे तीन-चार महिने घारी शहर सोडून जात आणि आकाश निवळले की परत येत. एक सफाई कामगार कामावर रुजू होताच दुसरा जणू रजेवर जात असे. ही गोष्ट गावातल्या प्रत्येक कसायाला आणि कोळ्याला ठाऊक असली पाहिजे. तिची शास्त्रीय नोंद करण्याचे श्रेय मात्र एडवर्ड ब्लाइथ यास आहे.

ब्लाइथचे चरित्र सरकारी नोकराने वाचावे असे आहे. १८१० साली लंडनमध्ये जन्मलेला, औषधाच्या दुकानात दिवाळे निघालेला हा मनुष्य १८४१ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक म्हणून कलकत्त्यास आला. पगार बेताचा, काम अफाट. एकवीस वर्षे त्याने ते काम केले आणि या सबंध काळात त्याच्या पगारात वाढ झाली नाही. १८५४ साली त्याने लग्न केले. १८५७ च्या डिसेंबरात पत्नी निवर्तली, आणि त्यानंतर त्याची प्रकृती सावरली नाही. १८६२ साली तो मायदेशी परतला, तो अल्पसे निवृत्तिवेतन पदरात पाडून. तथापि याच खोलीत बसून तो चार्ल्स डार्विनला लांबलचक पत्रे लिहीत होता, आणि डार्विनने १८५९ च्या आपल्या युगप्रवर्तक ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात, ब्लाइथच्या मताइतके आपणास क्वचितच कोणाचे मत मोलाचे वाटते, असा अभिप्राय दिला. दरवर्षी थंडीत आपल्या बागांतून 'चक् चक्' करीत फिरणाऱ्या, मातकट रंगाच्या एका वटवट्याला आजही ब्लाइथचे नाव आहे. पगारवाढ मिळाली नाही, पक्षी मिळाला.

ब्लाइथ फारसा रानावनात हिंडला नाही. त्याचे रान म्हणजे बाजार. कलकत्त्याच्या टेरिटी बाजारात पारधी आणि कोळी जे पक्षी विकावयास आणीत त्यांच्या टोपल्या तो तपासी. पुढे शतकाच्या अखेरीस संग्रहालयातील अधिकारी फ्रँक फिन याने हीच पद्धत चालविली. थंडीच्या दिवसांत सॉल्ट लेकच्या बाजूने बदकांच्या जुड्या येत. कोणत्या जातीची जुडी कोणत्या आठवड्यात प्रथम आली, कोणती कधी बंद झाली, यावरून पलीकडच्या पाण्यावर काय चालले आहे हे घरबसल्या कळे. चीनच्या बाजूचे बेअरचे बदक बंगालमध्ये येते हे फिनला कळले ते बाजारातच.

या पद्धतीची दुसरी बाजू काळी आहे. गुलाबी डोक्याचे बदक हा पूर्व भारताचा खास पक्षी. देह चॉकलेटी, मान आणि डोके गुलाबाच्या पाकळीसारखे. तो फार मोठ्या संख्येने कधीच नव्हता. तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दर हिवाळ्यात थोडे नमुने कलकत्त्याच्या बाजारात येत. मग ते येईनासे झाले. भारतात हे बदक रानात जिवंत पाहिल्याची शेवटची विश्वसनीय नोंद १९३५ च्या सुमाराची, दरभंग्याकडची, मानली जाते. बाजाराची टोपली हे पंचांग होते खरे; पण ते असे पंचांग, की ज्याचे प्रत्येक पान वाचण्यासाठी फाडावे लागे.

या सर्व विखुरलेल्या नोंदी एकत्र गुंफण्याचा मोठा उद्योग एका सनदी अधिकाऱ्याने केला. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपणास १८८५ च्या काँग्रेसमुळे माहीत आहे. तत्पूर्वी तो महसूल व शेती खात्याचा सचिव होता, आणि त्याही पलीकडे तो पक्ष्यांच्या अभ्यासाने झपाटलेला मनुष्य होता. १८७२ साली त्याने कलकत्त्याहून पक्षिविषयक एक नियतकालिक सुरू केले. ते १८८८ पर्यंत चालले. त्याचे लेखक कोण होते? जिल्हाधिकारी, कालव्यांचे अभियंते, तारखात्यातले अंमलदार, वनाधिकारी, रेल्वेचे नोकर. ज्याची जेथे बदली होई तेथून तो पत्र पाठवी. दौऱ्याच्या तंबूत, दफ्तर आवरल्यावर, कंदिलाच्या उजेडात लिहिलेल्या या नोंदींतून भारतातल्या पक्ष्यांच्या येण्याजाण्याचा पहिला नकाशा तयार झाला. १८७९ साली वरिष्ठांची मर्जी गेल्यामुळे ह्यूमला सचिवपदावरून दूर करण्यात आले. पुढे सिमल्याच्या त्याच्या घरातून वर्षानुवर्षांची हस्तलिखिते एका नोकराने रद्दीच्या भावाने बाजारात विकली. ह्यूमचे मन उडाले. १८८५ साली त्याने सुमारे ब्याऐंशी हजार नमुन्यांचा आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. एका घरात, एकाच प्रतीत ठेवलेली माहिती किती असुरक्षित असते याचा एवढा कटू धडा क्वचितच मिळेल.

याच सुमारास मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्य होते, हे आमच्या वाचकांना अभिमानास्पद वाटेल. निसर्गाच्या नोंदी ठेवणे हे साहेबांचे काम, अशी जी समजूत आपल्याकडे बरीच वर्षे होती, ती आरंभापासूनच निराधार होती.

बंगालमध्येही तेच झाले. सत्यचरण लाहा (१८८८-१९८४) यांनी बंगालच्या पाळीव पक्ष्यांवर १९२३ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला, 'प्रकृति' नावाचे बंगाली नियतकालिक चालविले आणि कालिदासाच्या काव्यांतील पक्ष्यांची ओळख पटवून दिली. गोपालचंद्र भट्टाचार्यांनी (१८९५-१९८१) कीटकांवर व कोळ्यांवर आयुष्य वेचले. अजय होम यांनी 'बांगलार पाखि' लिहून सामान्य वाचकाला दुर्बीण हाती घेण्यास शिकविले. १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन ॲनंडेल यांचे लक्ष तर आणखी लहान जीवांकडे होते. चौरंगीच्या तलावांतील गोड्या पाण्याचे स्पंजदेखील ऋतू पाळतात, काही जाती थंडीत फोफावतात आणि उन्हाळ्यात मरताना पुढच्या वर्षासाठी बीजकण ठेवून जातात, हे त्यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. संग्रहालयाच्या दारातला तलावही दलदलीचेच वर्ष जगत होता.

हे वर्ष आज कसे दिसते? बंगाली वर्ष एप्रिलच्या मध्यास सुरू होते आणि त्याचे महिने सूर्याच्या गतीवर चालतात. आपले चांद्र महिने अधिक मासाने सावरेपर्यंत मागे-पुढे सरकतात. पक्षी सूर्य पाहून चालतात, तिथी पाहून नव्हे. म्हणून निसर्गाच्या नोंदीसाठी बंगाली पंचांग आपल्यापेक्षा सोयीचे, एवढे मान्य केले पाहिजे. सरकारी वर्षही एप्रिलातच सुरू होते, हा योगायोग अधिकाऱ्यांच्या पथ्यावर पडणारा आहे.

वैशाखात पाणी आटलेले असते. सायंकाळी वायव्येकडून कालबैशाखीचे वादळ येऊन जाते. वंचक, ज्याला आपण ढोकरीही म्हणतो, मळका वेष टाकून पाठीवर तांबडा-जांभळा शेला पांघरतो. पावशा रात्रंदिवस ओरडतो. आपल्या शेतकऱ्याला त्याच्या ओरडण्यात 'पेरते व्हा' ऐकू येते. बंगाल्याला तोच पक्षी 'चोख गेलो', म्हणजे डोळा गेला, असा आक्रोश करताना ऐकू येतो. हिंदी भाषकाला तो 'पी कहाँ' विचारतो. पक्षी एक, सूर एक; शेती, दुःख आणि विरह मात्र ज्याचे त्याचे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाऊस येतो. पाणकणसाच्या बेटांतून डाहुक रात्रभर कोकलतो. ताडाच्या झावळ्यांना बाबुईची, म्हणजे आपल्या सुगरणीची, घरटी लोंबू लागतात. अडई, ज्यांना येथे सराल म्हणतात, जोडीजोडीने पांगतात आणि झाडांच्या ढोलीतही अंडी घालतात. कमळपक्षी पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवरून लांब शेपटी सावरीत चालतो; त्याच्यात मादी एकामागून एक नर करते आणि अंडी उबविण्याचे व पिले सांभाळण्याचे काम नराकडे असते. हुगळीत हिलसा समुद्रातून वर चढू लागतो. आमच्या खाड्यांतील पाला तो हाच. फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टन याच्या गंगेतील माशांवरील १८२२ च्या ग्रंथात बंगालच्या जलचरांचा हा सारा संसार वर्णिलेला आहे.

भाद्रपद-आश्विनात बांधांवर काशाची पांढरी फुले येतात आणि पूजेची चाहूल लागते. याच दिवसांत उत्तरेकडून खंजन, म्हणजे आपला धोबी, उतरतो. शरदातल्या पहिल्या खंजनदर्शनाला आपल्या पूर्वजांनी एवढे महत्त्व दिले की वराहमिहिराने बृहत्संहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला. शकुनासाठी का होईना, स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याच्या आगमनाची वाट पाहून तो कोठे व कसा दिसला हे नोंदविण्याची परंपरा आपल्याकडे दीड हजार वर्षांची आहे. विजयादशमीस नीलकंठ पक्षी सोडण्याची चाल कलकत्त्याच्या जुन्या घराण्यांत होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ती बेकायदा ठरली, आणि ते योग्यच झाले.

कार्तिकापासून बदके येतात. तलवार बदक, थापट्या, भुवई बदक, हे हिमालयापलीकडून. अडईचे थवे आसपासच्या प्रदेशातून. पौष-माघात मासेपालनाचे काही तलाव उपसून तळ वाळवितात. त्या चिखलावर तुतारी, चिखल्या, शेकाट्या यांची गर्दी होते. हावड्याच्या संत्रागाछी स्थानकाला लागून असलेल्या तलावावर आगगाड्यांच्या शिट्ट्यांत हजारो अडई निवांत डुलक्या घेतात; हिवाळ्यापूर्वी स्वयंसेवक तेथील जलपर्णी काढतात आणि पक्ष्यांना बसण्यासाठी तिचीच काही बेटे राखतात. फाल्गुनात काटेसावर फुलली की पाण्यावरची गर्दी विरळ होते.

हे वर्ष अखंड राहिलेले नाही. त्याची काही पाने कायमची गेली. हाडगिळा प्रथम गेला. १८५९ नंतर शहरात भुयारी गटारे झाली, उकिरडे धाप्याकडे नेण्यात आले, आणि शतक संपता संपता गव्हर्नमेंट हाउसचे कठडे रिकामे झाले. डॉ. डेव्हिड कनिंगहॅम यांनी कलकत्त्यातील वास्तव्यात ही घट डोळ्यांनी पाहिली व लिहून ठेवली. परंतु कारण केवळ शहरातले नव्हते. हे पक्षी जेथे घरटी बांधीत असावेत ती ब्रह्मदेशातील श्वेजिनजवळची प्रचंड वसाहत १८७७ साली प्रथम उजेडात आली, आणि १९३० च्या दशकापर्यंत ती नामशेषही झाली. पालिकेने हाडगिळ्याला मानचिन्हावर बसविले तेव्हा तो शहरातून निघालाच होता. आज तो आसामात आणि भागलपूरच्या दियारा भागात टिकून आहे, आणि आसामातील खेड्यांतल्या बायकांनी त्याची घरटी राखण्याचे जे काम केले त्यामुळे त्याची संख्या पुन्हा वाढू लागली आहे.

त्यानंतर नदी गेली. सॉल्ट लेकला भरतीचे पाणी पुरविणारी विद्याधरी गाळाने भरत भरत १९२८ साली मृत म्हणून जाहीर झाली. खारे पाणी येईनासे झाले आणि शहराचे सांडपाणी मात्र येत राहिले. येथील मच्छीमारांनी या आपत्तीतून एक विलक्षण व्यवस्था उभी केली. उथळ तलावांत, ज्यांना येथे भेडी म्हणतात, सांडपाणी घेऊन ते उन्हात ठेवावयाचे. ऊन व शेवाळ यांच्या योगाने ते निवळते, शेवाळावर मासे पोसले जातात, आणि निवळलेले पाणी भातशेतीला जाते. शहराची घाण घेऊन शहरालाच मासे, भाजी व तांदूळ परत देणारी ही रचना कोणा पंडिताने कागदावर आखलेली नव्हती. ती पाहून, समजून, जगापुढे मांडण्याचे काम ध्रुवज्योती घोष (१९४७-२०१८) या सरकारी अभियंत्याने १९८० नंतर केले. सांडपाणी शेवटी जाते कोठे, या साध्या कार्यालयीन प्रश्नाचा माग काढीत ते या बांधांवर पोहोचले होते.

दरम्यान दलदलीचा उत्तर भाग बुजला. डॉ. विधानचंद्र रायांच्या कारकीर्दीत, १९६२ साली, हुगळीचा गाळ नळांतून आणून सॉल्ट लेकवर भराव घालण्यास आरंभ झाला. फाळणीनंतर लोंढ्यांनी गुदमरलेल्या शहराला जागा हवी होती, हे विसरून चालणार नाही. पण योगायोग असा की तीनच वर्षांनी, १९६५ साली, प्राणिसर्वेक्षण संस्थेतील घोष नावाच्या संशोधकाने याच पाणथळीतील एका मुंगसाचे वर्णन नवीन जाती म्हणून प्रसिद्ध केले. दलदलीचे मुंगूस शास्त्राच्या दफ्तरी दाखल झाले तेव्हा त्याच्या घरावर भराव पडत होता. आता त्या भरावावर विधाननगर उभे आहे आणि आमचे कित्येक वाचक तेथील सरकारी कचेऱ्यांत बसतात.

उरलेल्या पाण्यासाठी १९९२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने संरक्षणाचा निर्णय दिला. १९ ऑगस्ट २००२ रोजी सुमारे साडेबारा हजार हेक्टरांची ही भूमी रामसर कराराच्या आंतरराष्ट्रीय यादीत आली. २००६ साली राज्याने तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. कायदा आहे म्हणून भराव पडत नाही असे नाही. पूर्वेकडच्या हमरस्त्याने जाताना मागील वर्षीचे पाणी यंदा विटांच्या ढिगाखाली दिसते. आणि असे झाले की प्रश्न येतो: येथे काय होते? कोणते पक्षी, किती, कोणत्या महिन्यात? तलाव रिकामाच होता असे बुजविणारा सांगतो. उत्तर द्यावयाचे तर वर्षानुवर्षांची दिनांकित नोंद लागते, आणि ती फार थोड्या तलावांची आहे.

येथेच या साऱ्या इतिहासाचा अर्थ आहे असे आम्हांस वाटते. बदलीवर आलेल्या मनुष्याची नजर ताजी असते. स्थानिकाला जे नित्याचे म्हणून दिसत नाही ते त्याला दिसते. घारी पावसाळ्यात जातात ही गोष्ट लंडनहून आलेल्या मनुष्याने लिहिली ती यामुळेच. पण त्याच्या नजरेत दोन उणिवा होत्या. एक, तो तीन वर्षांनी जातो आणि त्याची वही त्याच्याबरोबर जाते. दुसरी, ज्या पारध्याने पक्षी आणून दिला, ज्या कोळ्याने त्याचे येणे-जाणे सांगितले, त्याचे नाव तो लिहीत नाही. ब्लाइथ आणि फिन यांच्या टोपल्या भरणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आज आपणास सहसा आढळत नाही. त्यांचे ज्ञान घेतले गेले. त्यांची साक्ष मात्र नोंदली गेली नाही.

या दोन्ही उणिवा दूर करणे आमच्या वाचकांच्या हाती आहे. दुर्बीण हवी, बंदूक नको. नोंद रद्दीत जाणार नाही अशा ठिकाणी, एकाहून अधिक प्रतींत, ठेवावी. ह्यूमचा धडा विसरू नये. भेडीवरच्या मच्छीमाराला विचारावे, आणि त्याने सांगितलेले त्याच्या संमतीने त्याच्या नावानिशी लिहावे. पक्ष्याचे मराठी नाव ठाऊक असेल तर त्याच्या शेजारी बंगाली नाव लिहावे. सराल आणि अडई एकाच ओळीत येणे ही लहान गोष्ट नव्हे. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत, विदर्भाच्या जंगलांत, आदिवासींच्या तोंडचे शब्द असेच गोळा केले आणि मराठी भाषेला श्रीमंत केले. बदली झाली की वही पुढच्या मनुष्याच्या स्वाधीन करावी, जसे आपण दफ्तर स्वाधीन करतो. एका तलावाची, एका घाटाची, निदान कचेरीच्या गच्चीवरून दिसणाऱ्या घारींची नोंद दहा अधिकाऱ्यांनी एकामागून एक तीस वर्षे ठेवली, तर ती कोणत्याही न्यायालयात उभी राहील.

कलकत्त्याच्या नकाशावर मराठ्यांच्या नावाची जी एकमेव जुनी खूण आहे ती आमच्या भीतीने खणलेल्या खंदकाची आहे, आणि तीही अर्धवट. त्या खंदकापलीकडे आम्ही तेव्हा काही नेण्यासाठी येणार होतो. आता नोकरीच्या निमित्ताने येथे राहतो, येथले मासे खातो, येथले पाणी पितो. येत्या वैशाखापासून पलीकडच्या पाण्याची एक वही सुरू करावी, एवढे देणे आम्ही लागतो.